नको, पोट भरलं

सोमवार, ४ फेब्रुवारी

आजपासून मी रोजनिशी लिहिणार आहे. म्हणजे बोलणार मी आणि लिहिणार सून. मला अक्षर येत नाही. लहानपणी शाळेच्या वाटेवर पावाची भट्टी लागायची, मी तिथे थांबले ती थांबलेच. पुढे त्याच घरात लग्न होऊन आले. तेव्हा या वहीत चुका सापडल्या तर त्या सुनेच्या आणि शहाणपण सापडलं तर ते माझं, एवढं आधी लिहून ठेव. हसू नकोस, लिही.

वही मुलाने आणली. म्हणाला, "आई, दिवसभर हिच्याशी बोलतेस, त्यापेक्षा वहीशी बोल. हिचे कान तरी सुटतील." कान कुठले सुटायला? उलट बिचारीचा हातही अडकला.

घरातली माणसं सांगून टाकते, नाहीतर वाचणारा म्हणेल ही म्हातारी कोण आणि कुणाबद्दल बडबडते. एक मी. एक मुलगा, पाव भाजणाऱ्या घरात जन्मला, पण आता बंदरावर पोती वाहतो. कारण पीठ आधी महाग झालं, मग फार महाग झालं, मग नुसतं दिसायचं, हाताला लागेना. भट्टी गार पडली. एक सून, तिला पाचवा महिना आहे. आणि एक ठकी, माझी नात, वय वर्षं तीन. तिचं खरं नाव मोठं आहे, पण ते तिला अजून अंगाला सैल होतं.

आमच्या भट्टीच्या शेडमध्ये आता दूरच्या एका श्रीमंत देशाचं जेवणघर चालतं. लहान पोरांना आणि गरोदर बायकांना दुपारी मक्याच्या पिठाची दाट पेज मिळते. धान्य त्यांचं, शेड आमची, हात सुनेचे. ती तिथे शिजवते आणि तिथेच जेवते. शिवाय माझ्यासाठी डब्यातून उरलंसुरलं आणते. मी म्हणते, गल्लीभर पोरं जेवतात आणि तरी रोज उरतं, म्हणजे तुझा अंदाज कच्चा. ती म्हणते, "हो आई, अंदाज चुकतो माझा." लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून अंदाज येईना! पण डबा चांगला असतो. खोटं कशाला बोलू?

रविवार, १० फेब्रुवारी

मुलगा आज घरी होता. खांदा चोळत बसला होता. मी विचारलं, "फार पोती उतरवलीस वाटतं?"

"पोती उतरवली असती तर बरं झालं असतं. मक्याचं एक जहाज आठवडाभर उभंय. रोज जातो, बसतो, परत येतो."

"का? मका भिजलाय?"

"मका उत्तम आहे. मालक बदलतोय. समुद्रात असतानाच विकला गेला, मग पुन्हा विकला गेला. आता ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, भाव चढतोय, थांबा."

"त्याने बघितलाय का मका?"

"तो कशाला बघेल? तो कुठल्या देशात बसलाय तेसुद्धा मुकादमाला माहीत नाही."

मी आयुष्यभर पाव विकला. गिऱ्हाईक पाव दाबून बघतं, हुंगून बघतं, कालचा आहे म्हणून कुरकुरतं आणि मग घेतं. न बघता घेणाऱ्याला भूक लागलेली नसते, एवढं मला कळतं.

मुलगा म्हणाला, तिकडे तर मक्याचं इंधन करून गाड्यांत घालतात. मी म्हटलं, "म्हणजे गाड्या जेवतात?" तो म्हणाला, "जेवतात, आणि पंगतीत आपल्या आधी बसतात."

सून आज ताटावर बसली नाही. अन्नाचा वास सहन होत नाही म्हणाली. डोहाळे! मला डोहाळ्यांत पावांची अख्खी पाटी पुरायची नाही. हल्लीच्या पोरींचे डोहाळेसुद्धा काटकसरीचे. लिहिलंस? असंच लिही, बदलू नकोस.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शेजारची शिंपीण बातमी घेऊन आली. तिची सुई टोकदार आहे आणि जीभ त्याहून. म्हणाली, "म्हातारे, ऐकलंस का? त्या देशाची तपासनीस बाई येतेय. जेवणघर बघणार, पोरांचे दंड मोजणार. रंगीत पट्टी असते म्हणे तिच्याकडे. दंडाभोवती गुंडाळायची. हिरवा आला तर चांगलं, पिवळा आला तर मध्यम, तांबडा आला तर पोर उपाशी."

"आणि तुला कसला राग आलाय?"

"मापंच घ्यायची होती तर मला बोलवायचं! इतक्या लांबून माणूस कशाला आणायचं?"

मी त्या बाईचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, पट्टीवाली.

सून भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आई, त्यांना जे आहे ते दिसू दे. त्या बघायलाच येतायत."

मी म्हटलं, "बघायला येतायत म्हणून तर नीट दिसलं पाहिजे. पाहुणी दारात आणि आपण ताट उपडं करून दाखवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यांचं खातो त्यांच्यासमोर तरी मान वर हवी."

ती भांडी घासत राहिली. सासूसमोर गप्प बसायची तिला सवय आहे आणि मला तिच्या गप्प बसण्याची.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दिवसभर पायाला भिंगरी. गल्ली झाडून घेतली. शिंपिणीने उरल्यासुरल्या कापडांचे पडदे शिवून शेडच्या खिडक्यांना लावले. मग मी घरोघर परात घेऊन फिरले आणि प्रत्येक घरातून मूठभर पीठ मागितलं. कुणी डब्याचा तळ खरवडला, कुणी फडक्यात बांधून ठेवलेलं सोडलं. एकीने मूठ परातीवर धरली, तिच्याने ती लवकर उघडवेना. पण नाही कुणी म्हटलं नाही. गल्लीच्या अब्रूचा प्रश्न होता.

भट्टी पेटवली. इतक्या महिन्यांनी पेटली तर आधी धूरच धूर. मग तो वास आला. पोरं शेडच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. मी त्यांना हाकललं. पाव पाहुणीसाठी आहे.

संध्याकाळी पोरांना रांगेत बसवून शिकवलं. तशी आपली रीत त्यांना घरातून ठाऊक आहे, पण भूक लागली की पोरं रीत विसरतात. मी म्हटलं, "पाहुणीने विचारलं, आणखी हवं का, तर काय म्हणायचं?" सगळी ओरडली, "हवं!" मी म्हटलं, "गाढवांनो. म्हणायचं, नको, पोट भरलं. पुन्हा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. तिसऱ्यांदा जो विचारतो तो मनापासून विचारतो."

ठकी सगळ्यात छान म्हणते. मान हलवून, हात पोटावर ठेवून, "नको, पोट भलं."

शनिवार, २३ फेब्रुवारी

पट्टीवाली येऊन गेली. सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं.

मला वाटलं होतं कुणी जाडजूड सरकारी बाई असेल. ही तर कोवळी पोर, उन्हाने नाक सोललेलं, पायात मोठे बूट. सोबत दुभाष्या, आपल्याच गावातला मुलगा, शाळेत परकी भाषा शिकवायचा. मी भरभरून बोलायचे आणि तो तिला दोनच शब्द सांगायचा. मी म्हटलं, "अरे, बाकीचं कुठे सांडलंस?" म्हणाला, "आजी, त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं."

मी युक्ती केली. जी पोरं जरा भरलेली दिसतात ती पुढच्या रांगेत बसवली. अगदीच सुकलेली होती त्यांना शिंपिणीच्या खोलीत ठेवलं आणि गप्प बसायला एकेक पाव दिला. पाहुणीच्या डोळ्यांसमोर हाडं कशाला नाचवायची?

तिने पट्टी काढली. कागदासारखी पातळ, मऊ. पुढच्या रांगेतल्यांचे दंड मोजले. ठकीला पिवळा आला. मी म्हटलं, पिवळा तिला खुलून दिसतो. दुभाष्याने हे सांगितलंच नाही.

मग पेज वाढली. पट्टीवालीने एकेका पोराजवळ बसून विचारलं, आणखी हवं का? आणि एकेकाने सांगितलं, नको, पोट भरलं. एकही चुकलं नाही. मी वाट बघत होते, आता दुसऱ्यांदा विचारेल. तिने टिपून घेतलं आणि पुढच्या पोराकडे गेली. ठकीचे डोळे पातेल्याच्या पळीवर होते, पण बोलली मात्र बरोबर. पट्टीवाली उठली तशी ठकीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यानेच सांगितलं, थांब, विचारेल. नाही विचारलं. दमली असेल. उन्हातून आली होती.

नंतर तिला गरम पाव वाढला. तिने तोडला, वाफ आली, तिचे डोळे भरले. म्हणाली, असा पाव तिच्या आजीनंतर तिने खाल्ला नव्हता. मी तीनदा आग्रह करणार होते, पण तिने पहिल्याच आग्रहाला दुसरा घेतला. साधी आहे पोर.

सून कोपऱ्यात वाढत होती, मुलाचा जुना लांब बाह्यांचा कोट घालून. भट्टीच्या उबेत कोट! मी म्हटलं, "काढ तो, पाहुणीला वाटेल आमच्याकडे बायकांना कपडे नाहीत." म्हणाली, "थंडी वाजते, आई."

बुधवार, ५ मार्च

जेवणघर बंद होणार. या आठवड्यानंतर धान्य येणार नाही. दुभाष्या सांगून गेला. का, ते विचारायच्या आत निघून गेला. आज एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

आज त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. म्हटलं, "पळतोस कशाला? मी काय तुला खाणार आहे? खायला तुझ्यात आहे काय?"

तो हसला नाही. सांगू लागला, तो सांगतो ते मी सांगते. धान्याचा भाव दुप्पट झाला. जेवणघरासाठी त्या देशाकडून येतो तो पैसा तेवढाच राहिला. तेव्हा निम्मी जेवणघरं बंद करायची ठरलं. आमचं किंवा डोंगरापलीकडच्या गावचं, दोन्हींपैकी एक. कुठलं, ते बघायलाच पट्टीवाली आली होती.

"मग?"

"त्यांनी अहवालात लिहिलं की इथली परिस्थिती सुधारतेय. दंडाची मापं बरी आहेत. घरात पीठ आहे, पाव भाजला जातो. आणि मुलांना दुसऱ्यांदा वाढायला गेलं तर मुलं स्वतःहून नको म्हणतात."

मी म्हटलं, "अरे, पण तिने एकदाच विचारलं!"

तो म्हणाला, "आजी, त्यांच्याकडे एकदाच विचारतात. नाही म्हटलं की नाही."

"आणि तू? तुला तर आपली रीत ठाऊक होती ना? तू का नाही बोललास?"

तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना इतकं छान सजवलं होतं. मला वाटलं, गल्लीची अब्रू आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इथे तर हातच दाखवले होते.

घरी आले तर शिंपीण दारात. म्हणाली, "म्हातारे, पाव मात्र झकास झाला होता तुझा." तिच्या जिभेने टोचलं असतं तर सोसलं असतं, पण ती तशीच परत गेली.

सूनबाई, तू म्हणाली होतीस ते इथे लिही. की जे आहे ते दिसू दे. लिहिलंस? माझ्यासमोर वाच बघू.

शुक्रवार, १४ मार्च

जहाज गेलं. मका उतरलाच नाही. मुलगा म्हणतो, दुसऱ्या कुणी जास्त भाव दिला, तिकडे वळवलं. धक्क्यावरची सगळी माणसं उभी राहून बघत होती. कुणी दगडसुद्धा मारला नाही. मारून पोचला नसता.

शेड बंद झाल्यापासून डबा येत नाही. घरात मुलगा आणतो त्यातले दोन घास मी खाते, बाकी ठकीला. सून शिंपिणीकडे काजं-बटणं करायला जाते आणि तिथेच खाते. मी विचारलं, "ती कंजूस तुला काय घालते?" म्हणाली, "घालते हो आई, पुष्कळ घालते." शिंपिणीच्या घरात पुष्कळ! बघायला पाहिजे एकदा.

आज हिचं अक्षर वाकडं येतंय म्हणते, हात थरथरतो. मी म्हटलं, काजं करून बोटं आखडली असतील. थांब थोडी, पाणी पी.

मंगळवार, १८ मार्च

आज जे झालं ते सून लिहायला तयार नाही. मी म्हटलं, तू लिहीपर्यंत मी उठणार नाही. तेव्हा लिही.

पट्टीवाली शेडमधलं सामान न्यायला आली होती. पातेली, पळ्या, तराजू. मी गेले. दुभाष्याला म्हटलं, "आज माझा एकही शब्द सांडायचा नाही. सांडलास तर तुझ्या आईला सांगेन."

मी तिला सांगितलं, "बाई, मी तुम्हाला फसवलं. ते पीठ घराघरांतून मूठमूठ मागून आणलं होतं. ज्यांना तांबडा आला असता ती पोरं पलीकडच्या खोलीत कोंडली होती. आणि नको म्हणायला त्यांना मी शिकवलं."

तिचा चेहरा पांढरा पडला. खोक्यावर बसली. म्हणाली, "का?"

"तुम्ही पाहुण्या होतात."

तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, तिने लिहिलं ते आता बदलता येईल. पण धान्य वाढणार नाही. इथलं जेवणघर पुन्हा सुरू करायचं तर डोंगरापलीकडचं बंद करावं लागेल. तिथेही पोरं आहेत. तिने तिथलेही दंड मोजले आहेत. मग म्हणाली, "तुम्ही सांगा, मी काय लिहू?"

मी म्हातारी झाले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला ठकी दिसली. शिंपिणीच्या खोलीतली पोरं दिसली. सुनेचा सातवा महिना दिसला. तोंडातून "आमचं" एवढंच निघायचं होतं. मग डोंगरापलीकडची एक म्हातारी दिसली. माझ्यासारखंच लांबोडं नाक असलेली, माझ्यासारखीच आगाऊ.

मी म्हटलं, "त्यांचं मला नको. मी त्यांचं मागत नाही, तुमचं मागते."

दुभाष्या माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "सांग ना. थोडक्यात सांगू नकोस."

मी तिला म्हटलं, "एका पावाचे दोन तुकडे करून तुम्ही म्हणता, आता तुम्ही दोघी भांडा. आणि ज्याच्या घरी कोठार भरलंय तो बाजूला उभा राहून आमची भांडणं मोजतो. तुमच्या गाड्या जेवतात, बाई. न बघता मका घेणारे तुमच्या गावात राहतात. भाव कुणी चढवला ते मला कळत नाही, पण आमच्या गल्लीने नाही चढवला. तुम्ही वाईट नाही. तुम्ही माझा पाव खाऊन रडलात. मी तुमचं नाव घेत नाही, तुमच्या घराचं घेते. घरी जाऊन सांगा की मदत कमी पडते असं नाही, हिस्सा कमी पडतो."

ती म्हणाली, "मी सांगेन. ऐकतील असं मला वाटत नाही."

"तीनदा सांगा," मी म्हटलं. "आमच्याकडे पहिले दोन धरत नाहीत."

तेवढ्यात सून मला न्यायला आली. पट्टीवालीसाठी तांब्यात पाणी घेऊन आली होती, घरात द्यायला दुसरं काही नव्हतं. पेला पुढे करताना कोटाची बाही वर सरकली. पट्टीवाली पेल्याकडे बघेना, मनगटाकडे बघत राहिली. दुभाष्यामार्फत विचारलं, कितवा महिना? मग बॅगेतून दुसरी पट्टी काढली, मोठ्या बायकांची.

सून म्हणाली, "नको, मला कशाला?" पट्टीवालीने पुन्हा विचारलं. सून पुन्हा नको म्हणाली. पट्टीवालीने माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

कोट काढला. मी सुनेचा दंड किती महिन्यांनी बघितला देव जाणे. एकाच घरात राहतो आम्ही. पट्टी गुंडाळली ती गुंडाळतच गेली. मला अक्षर वाचता येत नाही, पण रंग येतो. तांबडा. नुसता तांबडा नाही, पार आतला.

मी शिंपिणीला हाक मारली. म्हटलं, "ही तुझ्याकडे काय जेवते?" शिंपीण म्हणाली, "माझ्याकडे? माझीच चूल पेटत नाही, ही कुठून जेवेल? मला तर म्हणाली घरी जेवते."

आणि जेवणघर होतं तेव्हा? उरलंसुरलं कुठून येत होतं? लिही. थांबू नकोस. डबा उरलेला नव्हता. डबा हिच्या वाटणीचा होता. गरोदर बाईची वाढीव पेज मी खाल्ली, वर म्हटलं अंदाज कच्चा आहे. या वहीत मी हिची थट्टा केली आणि ती हिनेच आपल्या हाताने लिहिली, एक अक्षर न बदलता.

मी विचारलं, "का गं?"

म्हणाली, "तुम्ही जेवला नसतात, आई."

पाहुणीशी मी जे केलं तेच घरात माझ्याशी झालं.

आता पूस डोळे. शाई पसरतेय.

शनिवार, २२ मार्च

पट्टीवाली गेली. जाण्याआधी तिने सुनेसाठी एक खोकं ठेवलं. छोटी छोटी पाकिटं, आत शेंगदाण्याचं गोड दाट वाटण. तांबडा आला त्यालाच मिळतात. शिंपिणीच्या खोलीत लपवलेल्या पोरांचेही दंड तिने मोजले, ज्यांना तांबडा आला त्यांनाही दिली, पण पोरांची थोड्या दिवसांची होती, तिच्या बॅगेत होती तेवढीच. पिवळ्यांना नाही. तिने ठकीचा दंड पुन्हा मोजला, दोनदा, पट्टी जरा ओढूनसुद्धा. पिवळाच आला. मला म्हणाली, "वाटून खायचं नाही. वाटलं तर बाळ वाचणार नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या." मी घेतली. जेवणघराचं तिने काय लिहिलं ते कळलेलं नाही. डोंगरापलीकडचं अजून चालू आहे, एवढं दुभाष्या सांगतो.

पहिल्या दिवशी सुनेने पाकीट फोडलं आणि बोटभर ठकीच्या तोंडात घातलं. मी बघितलं. दुसऱ्या दिवशी मी पाकीट हातात धरून बसले, तर उंबऱ्यावर गल्लीतली पोरं येऊन बसली. मागत नव्हती. नुसती बसली होती, पाकिटाच्या आवाजाकडे कान देऊन. त्यांच्यात ठकी. सुनेने पाकीट खाली ठेवलं. म्हणाली, "घशाखाली उतरत नाही, आई."

आज सकाळी मी उठले, ठकीला उंबऱ्याबाहेर केलं आणि दार लावून कडी घातली.

या घराचं दार दिवसाउजेडी कधी लागलेलं नाही. भट्टी चालू असताना तर फळीसुद्धा काढून ठेवायचो. गल्लीतलं प्रत्येक पोर या घरात न विचारता येऊन पावाची कड तोडून गेलेलं आहे. दार लावताना मला वाटलं होतं हात उचलणार नाही. उचलला. अवघड काहीच नव्हतं. आणि लावल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. थोडं ऐकू येतं, पण बोलत राहिलं की तेही येत नाही. म्हणून मी बोलतेय.

पट्टीवालीच्या गावातही असंच कुणी दाराला पाठ लावून बसलं असेल. दुष्ट असेलच असं नाही. आत त्याचंही कुणीतरी जेवत असेल.

सून लिहिता लिहिता थांबली. बाहेर ठकी दार ठोकतेय. हळू, एका हाताने. सून म्हणते, "आई, उघडू?"

नको. आधी ते संपव. माझ्याकडे बघू नकोस, पाकिटाकडे बघ. शेवटपर्यंत पीळ. तळाशी राहिलंय.